वाळूखालचं पेव

पहाटे ५.४५

उठल्या उठल्या भरती-ओहोटीचा तक्ता बघते. आज ओहोटी सकाळी ८.५०ला, भरती दुपारी तीनच्या आगेमागे. म्हणजे सकाळी पाणी कंबरेएवढं असताना गवत, आणि दुपारी पाणी चढलं की कासवं. फेब्रुवारीत आगत्तीला उजाडायला सात वाजतात, त्यामुळे सामान कंदिलाच्याच उजेडात भरावं लागतं. पाण्याखाली लिहायची पाटी, दोऱ्यानं बांधलेल्या दोन पेन्सिली, पन्नास मीटरची टेप, पाइपची चौकट, शिवणकामाच्या जाड सुया, दात घासायचे चार जुने ब्रश. ब्रश बघून मशिदीजवळची लहान मुलं दर वेळी हसतात. ब्रशांचं काम पुढं येईलच.

लक्षद्वीपची वस्ती असलेली बेटं दहा, त्यांतलंच एक आगत्ती. सगळ्या बेटांची मिळून जमीन बत्तीस चौरस किलोमीटर. आमचं शेत मात्र जमिनीवर नाही. प्रवाळाच्या कट्ट्यानं अडवलेलं उथळ पाणी, ज्याला आपण लगून म्हणतो, त्याच्या तळाशी ते आहे. त्या शेतात समुद्री गवत उगवतं आणि हिरवी कासवं ते चरतात. हे गवत किती चराई सोसतं आणि कुठं पोचल्यावर मोडतं, एवढं एकच मी गेली काही वर्षं मोजते आहे.

६.३०

धक्क्यावर चुऱ्याच्या, म्हणजे आपल्या कुप्याच्या, बोटी निघायच्या तयारीत आहेत. इथले लोक हा मासा गळ-काठीनं धरतात. मिनिकॉयची ही जुनी पद्धत १९६०च्या दशकात बाकीच्या बेटांवर पसरली. त्यासाठी आधी लगूनमध्ये जाळं टाकून बारीक मासा जिवंत धरायचा, पाण्याच्या टाकीत भरायचा आणि बाहेरच्या समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ओंजळीनं उधळायचा. आमिष नसेल तर बोट धक्क्यालाच. लगूनचं आरोग्य इथल्या घराच्या चुलीशी असं थेट जोडलेलं आहे.

आमची बोट लहान. तिचा मालक साठीचा आहे. गाव त्याला इक्का म्हणतं, मीही म्हणते. माझं मल्याळम मोडकं, त्याचं हिंदी त्याहून मोडकं, पण समुद्रावर दोघांचं भागतं. सुरुवातीच्या वर्षी त्यानं मला बोटीत घ्यायला नकार दिला होता. "तुम्ही आमावाले," म्हणाला. आमा म्हणजे कासव. आमचं जाळं फाडतो तो आमा, मासा घालवतो तो आमा, आणि तुम्ही आलात त्यालाच सांभाळायला.

त्याच्या लहानपणी कासवाची चरबी वितळवून लाकडी बोटींना चोपडत, म्हणजे लाकूड पाणी पीत नसे. हिरवं कासव हे नावसुद्धा त्या हिरवट चरबीवरून आलं आहे, पाठीच्या रंगावरून नाही. पुढं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली समुद्री कासवं आली आणि शिकार थांबत गेली. इक्काच्या पिढीनं मारणं सोडलं, ते नुसत्या धाकानं नाही, समजून उमजून सोडलं. म्हणून त्याच्या तक्रारीला मी तक्रार म्हणूनच ऐकते, अडाणीपणा म्हणून नाही.

७.१०

कुरणाकडं जाताना पाणी इतकं नितळ असतं की बोटीची सावली तळावर पळताना दिसते. आधी पांढरी वाळू, मग काळपट प्रवाळाचे गोटे, मग गवत. गवत म्हणायचं, पण हे शेवाळ नव्हे. शेवाळाला मूळ नसतं, फूल नसतं. याला मूळ आहे, वाळूत आडवं धावणारं खोड आहे, पान आहे, आणि पाण्याखालीच परागीभवन होऊन लागणारं फूल-फळ आहे. जमिनीवरच्या फुलझाडांचे हे वंशज फार पूर्वी समुद्रात परतले.

माझा आजा माण तालुक्यात मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की वाडा घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला परतायचा. माळ वाचायला मी त्याच्या मागं फिरून शिकले. पवन्या आणि मारवेल उभे आहेत तोवर माळ जिता. ते जाऊन नुसतं कुसळ राहिलं, की मेंढरू पोटभर चरलं तरी अंगी लागत नाही. कॉलेजात असताना वेळासला गेले, किनाऱ्यावर २००२ पासून चाललेलं कासव-संवर्धनाचं काम बघितलं, ऑलिव्ह रिडलेची पिल्लं लाटेत जाताना बघून रडले. कासव म्हणजे वाचवायचा जीव, एवढंच तेव्हा मनात होतं. आगत्तीला आल्यावर पहिल्याच बुडीत आजाचा माळ दिसला. चरून चरून बोडका झालेला.

८.२०

मोजणी सुरू. टेप तळावर अंथरायची, ठरलेल्या अंतरावर चौकट ठेवायची, आणि चौकटीतला एकेक कोंब मोजायचा. तोंडात नळी, चेहरा पाण्यात, पाठीवर ऊन. दोन जातींशी मुख्य गाठ: थॅलेशिया, रुंद पट्टीसारख्या पानाची, जाडजूड खोडाची, सावकाश वाढणारी, आणि सायमोडोसिया, तिच्याहून नाजूक आणि चटकन पसरणारी. मधूनच हॅलोफिलाची इवली लंबगोल पानं.

पान कुणी खाल्लं ते कापावरून कळतं. पोपटमाशाचा घास चंद्रकोरीसारखा, कडेनं काढलेला. कासवाच्या जबड्याची कड दातेरी विळ्यासारखी असते. ते पान आडवं, सरळ कापतं. आजच्या चौकटींत जवळजवळ सगळे काप सरळ. पानं दोन पेरांएवढी उरलेली. कुरण न म्हणता हिरवळ म्हणावं, इतकं बारीक.

एका अर्थी ही कासवाचीच मशागत आहे. या गवताचं पान टोकाला वाढत नाही, बुडातून वर ढकललं जातं. म्हणून कापलं तरी पुन्हा येतं, आणि कोवळं येतं. कोवळ्यात नायट्रोजन जास्त, चोथा कमी. कासव त्याच त्याच तुकड्यावर परत येऊन कोवळं पान खातं, शेजारचं जून गवत तसंच सोडतं. कॅरिबियन समुद्रात संशोधकांनी हे १९८०च्या सुमारासच टिपलं होतं. कासवं बेताची असतील तर सगळं सुरळीत चालतं. गवत दाटत नाही, सडत नाही, नवं येत राहतं.

९.३०

आता जाळ्या. कुरणाच्या काही तुकड्यांवर आम्ही लोखंडी गज ठोकून जाळीचे पिंजरे बसवले आहेत. आत गवत, बाहेर कासव. जाळीचं भोक एवढं मोठं की मासे ये-जा करतात, कासव मात्र शिरू शकत नाही. आजा रात्री मेंढरांना वाघूर लावायचा, मेंढरू बाहेर जाऊ नये म्हणून. माझी वाघूर उलटी आहे. शेजारी दुसरे तुकडे आहेत ज्यांना नुसतं छत आहे, बाजू उघड्या. जाळीच्या सावलीनंच फरक पडतो का, ते त्यावरून पारखायचं.

दात घासायचे ब्रश इथं लागतात. जाळीवर शेवाळ धरतं, मग ऊन अडतं, आणि गवत कासवाअभावी वाढलं की सावलीपायी खुरटलं हे कळेनासं होतं. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक दोरी घासायची. कंटाळवाणं काम आहे, पण मला ते मनापासून आवडतं. लहान मासे अंगाभोवती गोळा होतात आणि सुटलेलं शेवाळ खातात.

घासून झालं की सुई. कोंबाच्या बुडाशी, पान जिथून बाहेर पडतं तिथं, सुईनं आरपार भोक पाडायचं. दहा दिवसांनी बघितलं की वाढतं पान आपलं भोक घेऊन वर सरकलेलं असतं. थांबलेल्या जून पानाचं भोक जागच्या जागी असतं. दोन्हींतलं अंतर म्हणजे दहा दिवसांची वाढ. गेल्या खेपेची भोकं आज जाळीच्या आत सापडली. बाहेरची बहुतेक कासवाच्या पोटात गेली.

तिसऱ्या पिंजऱ्याचा एक गज वाकलेला आहे. कासवानं रेटा दिला असणार. आतल्या पानांचा हिरवा रंग बाहेरून दिसतो त्याला, मी काय करणार? गज सरळ करते. आणि तिथंच, थॅलेशियाच्या दोन उंच कोंबांच्या मधे, काहीतरी दिसतं. आधी वाटतं गोगलगाय बसली आहे. मग जवळून बघते. फळ आहे. करंगळीच्या पेराहून थोडं मोठं, हिरवट, खरबरीत सालीचं.

सतत चराई असली की या गवताला फुलायला फुरसत मिळत नाही. बाहेरच्या कुरणात फळ बघितल्याचं मला आठवत नाही. हात लावत नाही. पाटीवर लिहिते, जागा टिपते, फोटो काढते. नळीतून श्वास जोरजोरात यायला लागला आहे हे मलाच ऐकू येतं.

१०.४५

खालचं काम. इथं दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ जातो. परवानगीत दिलेल्या मोजक्या जागी पीव्हीसीचा रुंद पाइप वाळूत दाबायचा, वरून झाकण लावायचं, आणि अख्खा गोळा उचलून चाळणीत धुवायचा. वाळू निघून जाते आणि मागं राहतं आडवं खोड, मुळं, कोंबांची बुडं.

पूर्वी गावागावांत धान्याची पेवं असायची. घर वरून गरीब दिसो की श्रीमंत, दुष्काळात कोण तगणार ते पेव उघडल्यावर कळायचं. या गवताचं पेव म्हणजे हे वाळूखालचं खोड. पानं उन्हात जी साखर बनवतात, तिचा एक भाग इथं साठतो. पान कापलं गेलं की नवं पान काढायचा खर्च याच साठ्यातून होतो. पुन्हा कापलं, पुन्हा खर्च. पानांना मागं भरायला वेळच मिळाला नाही, तर पेव रितं होतं. वरून बघणाऱ्याला तोवर काहीच कळत नाही, कारण हिरवळ दिसतच असते. मग एका वर्षी पावसाळी लाटा येतात किंवा पाणी तापतं आणि कुरण पुन्हा उठत नाही. लोक म्हणतात वादळानं नेलं. खरं तर ते आधीच पोखरलेलं असतं.

थॅलेशियाच्या खोडावर गळलेल्या प्रत्येक पानाचा व्रण राहतो, उसाच्या कांड्यांसारखा. ठरावीक दिवसांनी नवं पान येतं, त्यामुळे व्रण मोजून कोंबाचं वय काढता येतं. पिंजऱ्याजवळच्या चाळणीत आज हातात आलेलं खोड जाड आहे, मोडलं की आतून पांढरं. बाहेरच्या कुरणातलं बारीक, तपकिरी, मधूनच पोकळ. दोन्ही वेगळ्या पिशव्यांत घालते. इक्का बोटीतून हात लांब करून पिशव्या घेतो आणि दोन्ही बोटांनी चेपून बघतो. कोणतं कुठलं ते मी सांगायच्या आधी तो सांगतो.

दुपारी १

भात, कुप्याची आमटी, खोबरं. आमटीत सुकवलेल्या कुप्याचा तुकडा असला की बाकी काही लागत नाही. अर्धा तास पडते. झोप लागत नाही.

२.४०

भरतीचं पाणी कुरणावर चढलं की कासवं आत येतात. मोजणीचा नियम साधा आहे: ठरलेल्या रेषेवरून, ठरलेल्या संथ वेगानं बोट, दोन्ही बाजूंना ठरलेल्या अंतरापर्यंत दिसेल तेवढंच मोजायचं. इक्का सुकाणूवर, मी पुढं उभी. ऊन डोळ्यांत येऊ नये म्हणून रेषा कोणत्या दिशेनं घ्यायची ते तो ठरवतो. त्याची नजर माझ्याहून तयार आहे. "तिथं," म्हणतो, आणि मला नुसता खडक दिसत असताना त्या खडकाला डोकं फुटतं.

एक मोठी मादी बोटीजवळून वर येते. एकच श्वास, फुस्स असा, आणि पुन्हा खाली. पूर्ण वाढलेलं हिरवं कासव शंभर किलोच्या पुढं जातं, पण पाण्यात त्याला वजन नसल्यासारखं वाटतं. अंडी घालण्याजोगं होईपर्यंत त्याला वीस, तीस, कधी त्याहूनही जास्त वर्षं लागतात. म्हणजे ही मादी जन्मली तेव्हा मी शाळेतही नसेन. ती खाली वाकून गवत कापते तेव्हा मान एका बाजूला झटकते, अगदी बैल वैरण ओढतो तशी. मला हा जीव फार आवडतो. तो काय करतो आहे हे मोजत असतानाही आवडतो. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवणं सुरुवातीला जड गेलं, आता जात नाही.

आज आगत्तीत मोजून चारच दिसली. एकेकाळी या लगूनमध्ये कासवांची इतकी दाटी होती की जगातल्या मोठ्या चराऊ जमावांत तिची गणना व्हायची. २००५ नंतरच्या दशकात भारतीय संशोधकांनी इथंच दाखवून दिलं की कुरणात वर्षभरात जेवढं पान उगवतं त्यातला मोठा वाटा कासवं खातात, आणि थॅलेशिया मागं हटून तिच्या जागी सायमोडोसिया पसरते. पवन्या जाऊन कुसळ यावं तसंच. मग कुरण विरळ झालं आणि कासवं पुढच्या बेटाकडं गेली. कदमत, आणि मग आणखी दुसरी लगून. २०२१ साली छापून आलेल्या अभ्यासानं या साखळीचं वर्णन केलं: एकामागून एक बेटाचं कुरण खचत गेलं, आणि ज्या कामासाठी कुरण असतं ते काम बंद पडलं.

वाडा पुढं हलतो म्हणून माळ वाचतो, असं आजा म्हणायचा. पण त्यासाठी पुढं माळ शिल्लक लागतो आणि मागच्या माळाला पुरेसा पावसाळा मिळावा लागतो. इथं लगून थोड्या आहेत, आणि थॅलेशियाचं खोड सावकाश चालतं.

४.१५

परतताना इक्का आज आपणहून बोलतो. त्याच्या तरुणपणी या कुरणातून चालताना पोटऱ्यांना पानं लागायची. जून-जुलैत बाहेरचा समुद्र बंद झाला की बायका-पोरं ओहोटीला इथूनच कालवणापुरता मासा आणायची. गवत उंच होतं तेव्हा त्यात लहान मासे लपायचे. आता लपणार कुठं?

पुस्तकांत जे लिहिलं आहे तेच तो सांगतो आहे. उंच पानांच्या आडोशाला कितीतरी माशांची पिल्लं वाढतात. पानं गेली की आडोसा गेला. आमा मासा खातो या त्याच्या म्हणण्यात शब्दशः तथ्य नाही, मोठं हिरवं कासव गवतावरच जगतं. पण आमा आला आणि मासा गेला, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते खरं आहे. मधला दुवा गवताचा. तो त्याला माहीत होताच, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मग पिंजरेच घाला सगळीकडं," तो म्हणतो.

मी म्हणते, "सगळीकडं घातले तर ते कुठं जाईल, इक्का?"

तो काही बोलत नाही. इंजिन हळू करतो, कारण समोर पाण्यात एक डोकं आहे.

५.३०

गोड्या पाण्याची बादली एकच. आधी चाळण्या, मग चौकट, मग मी. खोडं जातींप्रमाणं वेगळी करून कागदावर पसरते. उद्या भट्टीत वाळवून वजन होईल.

७.३०

पाटीवरचे आकडे वहीत, वहीतले संगणकात. वीज जाण्याआधी उरकायचं असतं. प्रत्येक आकडा दोनदा वाचते.

रात्री अशा वेळी इतर कुरणांचा विचार येतो. इंडोनेशियातल्या देरावान बेटाजवळ संरक्षित समुद्रात कासवं इतकी वाढली की पानं संपल्यावर ती वाळू उकरून खोडं खाऊ लागली. २०१४ साली ते शास्त्रीय नियतकालिकात आलं. पेवच फोडलं म्हणायचं. बर्म्युडातही गवत असंच खचलं. उलट ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये टायगर शार्क आहेत, आणि त्यांच्या भीतीनं कासवं एका जागी फार वेळ चरत नाहीत, उघड्यावर थांबत नाहीत. तिथं शार्कच गुराखी आहे. आपण समुद्रातून शार्क काढत गेलो, स्वतः शिकार थांबवली, आणि मधे कासवाला एकटं सोडलं. शिकार थांबवली ते योग्यच केलं. पण एका जिवाला संरक्षण दिलं म्हणजे काम झालं असं समजून आपण उठून गेलो, ते चुकलं.

माझं मत मी कुठल्याही बैठकीत स्पष्ट मांडते. कासवाला हात लावायचा नाही. शार्कला कासवाइतकंच जपायचं. प्रत्येक लगूनमध्ये थॅलेशियाचे काही तुकडे जाळीआड राखायचे, देवराईसारखे, म्हणजे कासवं पुढं गेली की बी आणि खोड तिथून पसरेल. आणि ती राखण इथल्या मासेमारांच्या हातात द्यायची, त्यांना मजुरी देऊन आणि त्यांचं ऐकून. गज कुठं वाकतो, जाळी कुठं भरते, हे त्यांना माझ्याआधी कळतं. पाणी तापण्याला मात्र माझ्याकडं जाळी नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली इथले प्रवाळ पांढरे पडले, आणि कट्टा खचला तर आतलं शांत पाणी राहणार नाही. ज्या गवताचं पेव भरलेलं आहे तेच अशा वर्षी तग धरेल.

९.१०

दारात इक्का. हातात झाकलेली ताटली, घरून पाठवलेली. आत येत नाही, ओट्यावर बसतो. सकाळी मी पाण्यात एवढा वेळ का थांबले होते, विचारतो. त्याला वाटलं होतं पायाला काहीतरी चावलं.

फोटो दाखवते. तो मोबाइल जवळ धरतो, लांब धरतो, चष्मा काढतो.

"हे गवताला लागलेलं?"

"हो."

"मी जन्मापासून या पाण्यात आहे," तो म्हणतो. मग बराच वेळ फोटोच बघत राहतो. फळातून काय निघतं, किती दिवसांनी, ते तरंगतं का, वारा कुठला असला तर कुठं जाईल, एकामागून एक विचारतो. तरंगतं, मी सांगते, काही दिवस. मग फुटतं आणि बी तळाला बसतं. कट्ट्याच्या आत वारा कुठून कुठं नेतो ते तूच सांग. तो ओट्यावर बोटानं लगूनचा आकार काढतो आणि दोन जागा दाखवतो. दोन्ही आज बोडक्या आहेत.

त्याचा कान दुखतो, म्हणून हल्ली तो बुडी मारत नाही. उद्या ओहोटी ९.४०ला. तळाला काच बसवलेली बादली मोरीत आहे, मी ती आत्ताच घासून ठेवते.